मुलांनी ‘नुसत्या व्हिटॅमिनच्या’ गोळ्या जास्त खाल्ल्या तर काय करावं

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली मुलांसाठी व्हिटॅमिन गमीची बरणी असते, कॉलेजातल्या भाच्याच्या बॅगेत जिमची पावडर. फडताळात सुनेच्या लोहाच्या लाल गोळ्या असतातच. चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून याला घरात कुणी औषध मानत नाही. मूठभर पोटात गेल्यावर मात्र ते औषधासारखंच बाधतं.

आधी तोंडात उरलेलं थुंकायला लावा. उलटी मुळीच करवू नका. घशात बोटं नकोत, मिठाचं पाणी तर नकोच. त्याने रक्तातलं सोडियम धोक्याइतकं वाढू शकतं. ताक किंवा कोकमाचं आगळ पाजून विष उतरत नाही. मूल गुंगीत असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका.

लगेच 108 लावा. गाडीला खाडी किंवा घाट ओलांडून यायला वेळ लागणार असेल, तर त्यांनाच विचारून शेजाऱ्याच्या गाडीने निघा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 वर दिवसरात्र सल्ला देतं.

सोबत बाटली, रिकामी पाकिटं, केरात टाकलेलीसुद्धा, घ्या. किती गोळ्या होत्या, किती उरल्या, कधी खाल्ल्या, मुलाचं वजन किती, हे डॉक्टर विचारतीलच.

लोहाच्या बाबतीत लोक हमखास फसतात. पहिल्या काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मग मूल शांत होतं, पेज मागतं, आणि घरचे म्हणतात, “उतरलं वाटतं.” याच वेळात आत यकृतावर घाला पडत असू शकतो. म्हणून बरं दिसलं तरी डॉक्टर सोडेपर्यंत दवाखान्यातून उठू नका. कोळशाची पावडर लोहाला बांधून ठेवत नाही, त्यामुळे घरगुती कोळशाच्या भरवशावर राहू नका.

जिमच्या काही पावडरींत कॅफिन असतं. ते जास्त झालं तर छातीत धडधड, थरथर, कधी झटके येतात. ड जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं, आठवड्याला एक घ्यायचं पाकीट रोज घेतलं तर कॅल्शियम वाढून हळूहळू मूत्रपिंडं बिघडतात. सतत तहान आणि बद्धकोष्ठ दिसलं तर तपासून घ्या.

मोठ्या मुलाला एकांतात, न रागावता, सरळ विचारा: “हे मुद्दाम घेतलंस का, बाळा?” विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर काहीही असो, त्याला एकटं सोडू नका. गावात नाव जाईल म्हणून डॉक्टरांना “चुकून खाल्लं” असं खोटं सांगू नका, उपचारच चुकतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या 115 व्या कलमानुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस, वेगळं सिद्ध झालं नाही तर, तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. त्याच्यावर खटला भरत नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

घरी परतल्यावर सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, आजीच्यासुद्धा. गोळीला “चॉकलेट” म्हणणं आजपासून बंद. शाळेतली आठवड्याची लोहाची निळी गोळी मात्र भीतीपोटी थांबवू नका. शिक्षकांसमोर घेतलेली ती एक गोळी मुलींना पंडुरोगापासून वाचवते.