टर्बो गाडीचा रीमॅप: डायनोचा कागद कसा वाचावा

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला (ईसीयूमधला) मॅप, म्हणजे सेटिंग, बदलणं; डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजणारं यंत्र. प्लग नवे आहेत, ऑइल बदललंय, बूस्टच्या (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेच्या) होजमधून गळती नाही, क्लच घसरत नाही, हे धरूनच चालतो. पेट्रोल मात्र आधी ठरवा. ९५ ऑक्टेनवर बसवलेला मॅप ९१ वर पळवायचा नसतो. गाडी दर सुट्टीत कोकणात जाणार असेल, जिथे ९५ मिळेलच असं नाही, तर ९१ चाच मॅप घ्या आणि पाचदहा हॉर्सपॉवर विसरा.

मूळ मॅपवर लागोपाठ तीन रन काढा (रन म्हणजे डायनोवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन घेतलेली एक मोजणी). ‘त्याची काय गरज?’ म्हणणाऱ्या ट्यूनरकडून सरळ उठून या. मग बूस्ट थोडाथोडा वाढवायचा, टाइमिंगला (ठिणगी पडण्याच्या वेळेला) हात शेवटी, प्रत्येक पायरीचा लॉग ठेवायचा.

खरी गोची कागद वाचताना होते. मलाही हे उमगायला बराच काळ गेला. आकडा चाकावरचा की क्रँकचा (थेट इंजिनाचा), हे पहिलं विचारा. रोलर डायनो चाकावरची ताकद मोजतो. क्रँकचा आकडा हिशेबाने काढलेला असतो आणि त्या हिशेबात हात मारायला भरपूर वाव असतो. स्वतः पडताळा: टॉर्कचे न्यूटन-मीटर (एनएम) गुणिले आरपीएम, भागिले ७१२१, म्हणजे हॉर्सपॉवर. ४००० आरपीएमला ३०० एनएम म्हणजे साधारण १६८ हॉर्सपॉवर. आकडे जुळत नसतील तर एक आकडा चाकाचा, दुसरा क्रँकचा छापलाय का ते बघा.

करेक्शन फॅक्टरही, म्हणजे हवामानानुसार आकडा दुरुस्त करणारा गुणक, बघाच. हवेचा दाब कमी असला की तो पॉवर वाढवून दाखवतो. पण टर्बो गाडीचा ईसीयू बहुधा टर्बो जास्त फिरवून पातळ हवेमुळे होणारी तूट बरीचशी आधीच भरून काढतो, मग कागदावरचा आकडा फुगतो. म्हणून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यातला कागद मुंबईच्या कागदाशेजारी ठेवून मित्रांशी वाद घालणं निव्वळ वेळेचा अपव्यय. तुलना फक्त त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून.

आणि पहिल्या रनवर भाळू नका. तेव्हा टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर स्वतः थंड असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, समोर एक पंखा, अशा थाटात तिसऱ्या रनला इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान चढतं आणि ईसीयू टाइमिंग मागे ओढतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटल्यावर तुम्हाला मिळणारी गाडी ती हीच. तिसऱ्या रनचा कागद मागा, सोबत नॉकचा (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांचा) लॉग. एकाच सिलिंडरचं टाइमिंग दर रनला तीनचार अंश मागे जात असेल तर आधी त्याचा प्लग आणि इंजेक्टर तपासा. तिथे काही सापडलं नाही तर बूस्ट एक पायरी खाली. ‘रस्त्यावर ॲडजस्ट होईल’ हे ऐकून घेऊ नका, पिस्टन स्वस्त नाहीत.

निघताना मूळ मॅपची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.