घरातल्या पिस्तुलासाठी लेझर साइट: निवड, बसवणं आणि झीरो करणं

लेझर साइट (नेम कुठे आहे ते ठिपक्याने दाखवणारं, पिस्तुलावर बसणारं उपकरण) घेताना चर्चा दोनच गोष्टींवर रंगते: हिरवा घ्यावा की लाल, आणि ठिपका किती लांबवर दिसतो. घरात या दोन्हींना वाटतं तेवढं महत्त्व नाही. झोपायच्या खोलीच्या दारापासून पॅसेजच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून पाहा, क्वचितच १० मीटरच्या वर जाईल. तेवढ्या अंतरावर कुठलाही बरा लेझर अंधारात दिसतोच. महत्त्वाचं हे की अर्धवट झोपेतून उठून पिस्तूल हातात घेतल्यावर लेझर आपोआप लागतो, की बटण चाचपत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट, लेझर फक्त नेम दाखवतो. समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला घरचाच माणूस, हे तो सांगत नाही. त्याच्या मागे काय आहे, गोळी भिंत भेदून कुठल्या खोलीत जाईल, हेही नाही. त्यासाठी उजेड लागतो. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी टॉर्च घ्या, लेझर नंतर. आणि खरेदीपूर्वी आपल्याकडचा शस्त्र कायदा तपासा. काही ठिकाणी शस्त्रावर लेझर लावायलाच बंदी असते.

१. आधी पिस्तूल पाहा

नळीखाली फ्रेमवर आडव्या खाचांची रेल आहे का? पिकाटिनी मापाच्या रेलमध्ये खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते आणि दोन खाचांच्या मध्यांतलं अंतर १०.०१ मिलिमीटर. वीव्हर मापाची खाच अरुंद, ४.५७ मिलिमीटर, त्यामुळे पिकाटिनीसाठी बनवलेली साइट वीव्हरवर बसेलच असं नाही. छोट्या पिस्तुलांवर एकच खाच असते, तीही त्या कंपनीच्या स्वतःच्या मापाची. तिथे ‘सगळ्यांना चालते’ म्हणून विकली जाणारी साइट हलते, आणि हललेली साइट नसलेलीच बरी.

रेल नसेल तर तीन वाटा उरतात. मुठीच्या पट्ट्या बदलून बसणारा ग्रिप लेझर, ट्रिगर गार्डला (चापाभोवतीच्या कडीला) चिमटून बसणारा, आणि रिकॉइल स्प्रिंगच्या (गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, परत आणणाऱ्या स्प्रिंगच्या) दांड्याच्या जागी नळीखाली आत बसणारा. रिव्हॉल्व्हरला बहुधा ग्रिप लेझरच सोयीचा. आतल्या दांड्याच्या लेझरने बाहेरून काहीच बदलत नाही आणि जुनं होल्स्टर चालतं. पण त्याचा ठिपका जुळवता येत नाही, आणि पिस्तुलाच्या चालत्या यंत्रणेचा एक भाग तुम्ही बदलत असता. बसवल्यावर पुरेशा गोळ्या झाडून ते अडकत नाही ना हे पाहिल्याशिवाय ते पिस्तूल भरवशाचं समजू नये.

२. स्विच

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. ग्रिप लेझरचं बटण मधल्या बोटाखाली येतं; मूठ नीट आवळली की लेझर लागतो, वेगळं काही आठवावं लागत नाही. घरासाठी हाच प्रकार आम्ही पहिला सुचवतो. त्याचा दोषही सांगायला हवा. उगमबिंदू मुठीच्या वर, एका बाजूला असल्यामुळे चापाबाहेर फ्रेमवर सरळ ठेवलेलं बोट काही हातांमध्ये किरणाच्या आड येतं. दुकानात रिकाम्या पिस्तुलावर हेच तपासा. आणि लेझर दिसावा म्हणून बोट चापावर नेण्याची सवय मात्र लावू नका.

रेलवरच्या साइटला ट्रिगर गार्डपुढे कळ असते. हात लहान असेल तर पकड न मोडता तिथे बोट पोहोचत नाही. दोन्ही हातांनी, डाव्या हातानेही, डोळे मिटून दहा वेळा लावून पाहा. एकदाही चुकलं तर दुसरी साइट बघा. घरात दोघे जण ते पिस्तूल वापरणार असतील तर दोघांनीही करून पाहावं.

ठिपका स्थिर हवा की लुकलुकणारा? लुकलुकणारा लवकर नजरेत भरतो, पण हलत्या लक्ष्यावर मागे राहिल्यासारखा वाटतो. स्थिर घ्या.

३. रंग

उजेडात माणसाच्या डोळ्याची संवेदनशीलता ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणून सारख्याच ताकदीचा ५२० नॅनोमीटरचा हिरवा ठिपका ६५० नॅनोमीटरच्या लाल ठिपक्याच्या सुमारे सहापट उजळ भासतो. पण लाल-लालमध्येही फरक आहे: ६३५ नॅनोमीटरचा लाल ६५० पेक्षा जवळपास दुप्पट उजळ दिसतो. लालच घ्यायचा ठरलं तर डब्यावरचा हा आकडा नक्की वाचा.

हिरव्यात दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीत ८०८ नॅनोमीटरच्या अवरक्त डायोडने स्फटिक उद्दीपित करून १०६४ नॅनोमीटरचा किरण मिळवतात आणि दुसऱ्या स्फटिकातून तो ५३२ वर आणतात. ही साखळी थंडीत मंदावते आणि सेल जास्त खाते. नवी जात थेट ५२० नॅनोमीटरच्या आसपासच्या डायोडची. ती तापमानाचे चढउतार बरेच सोसते. हिरवा घ्यायचा तर हीच. लालचं राज्य मात्र एका बाबतीत कायम आहे: सेल जास्त टिकतो. लाल-हिरव्या रंगांधत्वाच्या एका प्रकारात लाल ठिपका फार फिका दिसतो. असं कुणाचं असेल तर हिरव्यावाचून पर्याय नाही.

ताकद ५ मिलिवॅटपेक्षा जास्त नको. त्याहून जोरदार लेझर आरसा, टीव्ही किंवा खिडकीच्या काचेवरून उलटून तुमच्याच डोळ्यात शिरला तर इजा करू शकतो. ५ मिलिवॅटचाही कुणाच्या डोळ्यांवर कधी रोखू नये.

४. सेल आणि पेटी

सेल बदलताना साइट पिस्तुलावरून उतरवावी लागते का, हे विचारा. लागत असेल तर दर वेळी पुन्हा झीरो करावं, म्हणजे गोळी लागते तिथे ठिपका जुळवावा लागेल. सेल सहज मिळणारा हवा, सीआर२०३२ किंवा सीआर१२३ए सारखा. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, चालू असला तरी बदलायचा.

पिस्तूल ज्या कुलपाच्या पेटीत ठेवता तिचं आतलं माप घ्या. रेलवरची साइट लावल्यावर पिस्तूल खाली दोन-तीन सेंटिमीटर वाढतं आणि पेटीचं झाकण लागत नाही. मग लोक पेटी उघडी ठेवतात. लहान मुलांच्या घरात याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

५. बसवणं आणि झीरो करणं

आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं करा. क्रम उलटा झाला तर स्लाइड परत येताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते. डोळ्यांनी पाहा, करंगळीनेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

साइट पक्की बसवा. बसवणीच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचं, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरे. ठिपका जुळवायच्या बारीक स्क्रूंना ते लावायचं नाही. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर रंगाची एक रेघ ओढा. स्क्रू सैल झाला की रेघ तुटलेली दिसते.

आता झीरो. घरातलं मोजलेलं सर्वांत लांब अंतर, साधारण ७ ते १० मीटर, हेच तुमचं झीरोचं अंतर.

– पिस्तूल टेकवून त्याच्या मूळच्या पुढच्या-मागच्या साइट (नेमाच्या खुणा) लक्ष्याच्या मध्यावर धरा आणि ॲलन कीने ठिपका पुढच्या साइटच्या टोकावर आणा. स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा.
– मग शूटिंग रेंजवर, ठिपक्याने नेम धरून, सावकाश पाच गोळ्या झाडा.
– पाचही एकत्र पण डावीकडे गेल्या तर ठिपका डावीकडे न्या. ठिपक्याने गोळ्यांकडे जायचं असतं. बरेच जण उलटं करतात आणि चूक दुप्पट होते.
– गोळ्या विखुरल्या असतील तर स्क्रूला हात लावू नका. आधी पकड आणि चाप सुधारा.

लेझर नळीच्या ३ सेंटिमीटर खाली आहे आणि १० मीटरवर जुळवलाय असं धरा. मग ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे दीड सेंटिमीटर वर लागेल, २० मीटरवर ३ सेंटिमीटर किंवा थोडी जास्तच खाली. घरात हा फरक खपून जातो. ग्रिप लेझरमध्ये असाच फरक डावी-उजवीकडेही पडतो.

६. सराव

पहिल्यांदा ठिपका पाहिला की माणूस घाबरतो, कारण तो सारखा थरथरतो. हात नेहमीच तेवढा हलत असतो. आज दिसतो एवढंच. ठिपका नेमका मध्यावर आला की चाप झटकन ओढायचा मोह होतो आणि गोळी हमखास खाली जाते. थरथर चालू द्या, चाप सावकाश दाबा.

रिकाम्या पिस्तुलात डमी काडतूस घालून, मागे गोळी थोपवेल अशा भिंतीकडे रोखून, रोज दहा वेळा चाप दाबा. चाप सुटताना ठिपका ज्या दिशेला उडतो तिथेच तुमची चूक असते. या सरावासाठीच अनेक प्रशिक्षक लेझरची किंमत वसूल झाली म्हणतात. .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसणारं) पिस्तूल असेल तर डमीशिवाय मोकळा चाप ओढू नका. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

ठिपका दिसला नाही तर तो शोधत पिस्तूल फिरवायचं नाही. ते डोळ्यांसमोर आणून साध्या साइटने नेम घ्या. अर्ध्या सरावात लेझर बंदच ठेवा.

महिन्यातून एकदा भिंग पाहा. तेलाचा पुसट थर आणि बारूदाची काजळी ठिपक्याची फुली करून टाकते. कापसाच्या काडीला थोडं अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसा. नळी साफ करायचं द्रावण भिंगाला लागू देऊ नका. प्लास्टिकचं भिंग असेल तर ते कायमचं धुरकट होतं.