रथसप्तमीची आळी: या चुका टाळा

येळवस (वेळा अमावस्या) झाली की आमच्या सासूबाई राखेत ठेवलेलं बी बाहेर काढायच्या. रथसप्तमीला घरातल्या प्रत्येक लेकराला परसात एकेक आळं, म्हणजे वेल लावायचा खोलगट वाफा, मिळायचं. दोडका, काकडी, कारलं, दुधी, ज्याला जे हवं ते. आता सासूबाई नाहीत, आळ्यांची मुकादम मी. दरवर्षी त्याच त्या चुका बघून जीव विटला, म्हणून लिहिते.

सगळ्यात मोठी चूक घाईची. "संक्रांतीची सुट्टी आहे, लावून टाकू." अहो, लातूरकडे जानेवारीतल्या रात्री चांगल्या गार असतात आणि वेलांच्या बियांना जमिनीत ऊब लागते. गार, ओल्या काळ्या मातीत बी फुगतं आणि तिथंच कुजतं. माझ्या पुतण्यानं एका संक्रांतीला गुपचूप कारलं टोकलं. मग शाळेतून आला की रोज काडीनं उकरून बघायचा, मोड आला का म्हणून. "कामून उकरायलास रे?" विचारलं तर कानावर हात. अकराव्या दिवशी बोटाला लागलं ते पिचपिचीत, आंबूस वासाचं बी. "काकू, दुकानदारानं फसवलं!" दुकानदाराचा काही दोष नव्हता. त्याच पुडीतल्या उरलेल्या बिया मी रात्रभर कोमट पाण्यात ठेवल्या, ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवल्या, मोड दिसल्यावर रथसप्तमीला लावल्या. सगळ्या उगवल्या. एखाद्या वर्षी रथसप्तमी जानेवारीतच येते. तेव्हा मी पूजा त्या दिवशी करते आणि बी आठवडाभर थांबवते. सूर्यदेव रागावत नाहीत.

मार्चअखेर जागे होणाऱ्यांचंही अवघडच. वेल फुलावर येईतो मे उजाडतो, पारा चाळिशीपार जातो आणि फुलं गळतात.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती मीच केलेली. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात दुधीचे दोन वेल मी भाज्या धुतलेल्या पाण्यावर जगवले. रोज तांब्या-दीड तांब्या, वर सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर. दुधी शेजारी वाटण्याइतके लागले. पुढच्या वर्षी बोअरला पाणी होतं. हौसेनं दोन वेळा पाइप सोडला. पानं पिवळी पडली, तर वाटलं पाणी कमी पडतंय, अजून सोडलं. वेल बसले. उपटून पाहिलं तर मुळं काळी! आपली भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, मुळांना श्वास घेऊ देत नाही. दुपारी दोनला पानं माना टाकतातच, ते ऊन असतं, तहान नव्हे. पहाटेही पानं मरगळलेली दिसली तरच पाणी द्या. मी बोट खुपसून बघते. दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच तांब्या उचलते. मीटर-बिटर विकत घेणाऱ्यांना माझा नमस्कार.

ताजं शेण आळ्यात घालू नका, वाळवीला आमंत्रण आहे ते. धने अख्खे पेरू नका, चपलेखाली रगडून दोन फोडी करा. वेलाची पहिली फुलं गळाली म्हणून औषध फवारू नका. ती नरफुलं असतात, फळ धरणारी मागून येतात, त्यांच्या देठाशी इवलीशी काकडी दिसते. मांडव वेल लोळायला लागल्यावर नव्हे, आधीच घाला. आम्ही पऱ्हाट्या नि तुराट्या (कापसाच्या नि तुरीच्या वाळक्या काड्या) त्यासाठीच राखून ठेवतो.

भेंडीचं बी घरी धरायचं असेल तर सरळ वाण लावा, म्हणजे ज्याच्या बियांपासून पुढच्या वर्षी तशीच झाडं येतात तो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' त्यातलीच. संकरित भेंडीचं बी धरून "औंदा झाडं एकसारखी का नाहीत" म्हणून माझ्याकडे येऊ नका. गेल्या वर्षी तिघीजणी आल्या होत्या, तिघींना चहा पाजून परत पाठवलं.