जुन्या घराचं वायरिंग: सुरुवात मीटर रूममधून

ठाण्याच्या नौपाड्यातली ४० वर्षांची इमारत असो की वाशीतलं सिडकोचं जुनं घर, वायरिंग बदलायचं पहिलं काम घरात नसतं, खाली मीटर रूममध्ये असतं. तिथून वर तुमच्या दारापर्यंत अर्थिंगची वायर आली आहे का, आणि खाली ती जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यातून आलेल्या पट्टीला जोडलेली आहे का, ते आधी बघा. मागच्या वायरिंगच्या वेळी नेमकं हेच राहिलं. घरभर हिरवी वायर ओढली, डीबीत (जिथून घरातली सर्किटं निघतात त्या डब्यात) नीट कसली, आणि तिथून पुढे ती कुठेच जात नव्हती.

फसायला होतं ते आरसीसीबीच्या, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या, टी (टेस्ट) बटणामुळे. दाबलं की तो पडतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. पण ते बटण आतल्या आतच गळती तयार करतं. अर्थिंग नसलं तरी पडणारच. मल्टिमीटरवरही विसंबू नका: पट्टीचा गंजलेला एक धागा शिल्लक असला तरी फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसतात. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत त्या पट्ट्या गंजतातच. वायरमनला अर्थ टेस्टर आणायला सांगा, अर्थिंगच्या रोधाचा आकडा ५ ओहमच्या आत हवा. आणि कोणी "नळाला बांधू" किंवा "न्यूट्रलला जोडू" म्हणालं तर त्याला थांबवा. वरचा पाइप प्लास्टिकचा असला की नळाला बांधलेली वायर निकामी. न्यूट्रलला जोडली आणि न्यूट्रल तुटला, की फ्रिजच्या पत्र्यात करंट.

वर येणारी वायर जिन्यातून येते, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र आजच द्या. परवानगीला वेळ लागतो. त्याच फेरीत बिलावरचा मंजूर भार बघा. दोन एसी आणि गिझर लावायचे असतील तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज करा. मीटरचं सील आणि कटआउट (मीटरजवळचा फ्यूज) यांना हात लावायचा नाही. भिंतीत खाचा मारणं, पाइप टाकणं, वायर ओढणं तुम्ही करा; जोडणी आणि टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराचाच.

सामान: दिवे-पंख्यांना १.५ चौ. मिमीची वायर आणि १० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच), १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि १६ चा, एसी-गिझरला ४ आणि २० चा, एसीला सी कर्व्हचा, म्हणजे सुरू होतानाचा झटका सोसणारा. आरसीसीबी ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर. वायर आयएसआय छापाची, तांब्याची. कॉइल ९० मीटरचं असतं. हिरव्या वायरचा हिशेब वेगळा धरा, दुकानात हमखास तीच कमी पडते. जुनी ॲल्युमिनियमची वायर पूर्ण काढा. तिला तांबं पिळून जोडलं की सांधा तापतो.

खाचा उभ्याच मारा. चार इंची भिंतीत आडवी खाच नको. कॉलम-बीमला कटर अजिबात नको. दुपारी दोन ते चार आवाज बंद. पाइप २५ मिमीचा. वळणावर एल्बो नको, लांब बेंड घ्या, नाहीतर वायर सरकत नाही. ओलीची भिंत टाळा. पावसाळ्यात हे काम काढूच नका: प्लास्टर वाळत नाही आणि मेगरचा (वायरचं इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचा) आकडा खाली येतो.

प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा. दोन खोल्यांना न्यूट्रलची एकच काळी वायर दिली तर कुठलं सर्किट कुठल्या काळ्यावर चालतंय ते पुढे सापडत नाही. आणि दोन आरसीसीबी असतील तर दिवा लावला तरी पडतात. हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत, गिझर आणि एसीपर्यंत, आणि डीबीतून खाली मीटर रूमपर्यंत, मेन वायरच्या जाडीची. मीटर रूमपर्यंत!

प्लास्टरआधी भिंतींचे फोटो, टेप धरून. मेगर तेव्हाच. फिटिंग बसवा, स्विच फेजवर आहे ना ते बघा. गिझरचा स्विच बाथरूमबाहेर. झाकणाच्या आत एमसीबींची नावं लिहा. डेब्रिज गोण्यांत भरून ठेकेदाराकडे द्या, खाडीत नको. घरसामानाचा ट्रक बोलावण्याआधी अर्थ टेस्टर पुन्हा एकदा लावा, या वेळी घरातल्या सॉकेटवरून.