मूल ज्युनियर इयरला आहे? या चुका टाळा

महाराष्ट्रात शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांच्या डोक्यात अकरावी म्हणजे जरा हुश्श करायचं वर्ष असतं. दहावीचा निकाल लागून गेलेला, बारावी अजून लांब. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. इथे बारावीच्या ऑक्टोबरपासूनच अर्ज जायला लागतात आणि तोवर बारावीचे मार्क फारसे हातात आलेले नसतात. कॉलेजला दिसणारं शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीचं, म्हणजे ज्युनियर इयरचं.

दुसरा फरक याहून मोठा. आपण वाढलो ते सीईटी, जेईई आणि मेरिट लिस्टच्या जगात. आकडा आला, यादी लागली, संपलं. इथल्या निवडक कॉलेजांत यादी लागत नाही, फाइल वाचली जाते. ट्रान्सक्रिप्ट (विषयांची आणि मार्कांची शाळेतली नोंद), शिक्षकांची पत्रं, निबंध, उपक्रम आणि शाळेची माहिती देणारी स्कूल प्रोफाइल, हे सगळं समोर ठेवून माणसं निर्णय घेतात. एडिसन असो, फ्रीमॉन्ट असो की नेपरव्हिल, मराठी घरांतून दिसणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: वाचल्या जाणाऱ्या फाइलची आखणी आपण मार्कांची बेरीज समजून करतो.

मिळतील तेवढी एपी (शाळेतच घेतले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) एकाच वर्षात कोंबणं

‘शेजारच्यांच्या मुलीने सहा घेतली, मग आपण पाच का?’ हा प्रश्न फेब्रुवारीत, पुढच्या वर्षाचे विषय निवडताना घरोघरी निघतो. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स आणि वर एपुश, म्हणजे एपी यूएस हिस्टरी. कागदावर छान दिसतं. पण एपुशला दर आठवड्याला वाचनाचा ढीग असतो, केमिस्ट्रीला लॅब रिपोर्ट असतात, आणि सगळ्या एपींच्या परीक्षा मे महिन्यात जेमतेम दोन आठवड्यांत येतात. त्याच सुमाराला एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा आणि पाठोपाठ शाळेच्या फायनल. मूल रात्री एक वाजता झोपून सहाला उठायला लागलं की आधी मार्क घसरतात, मग तब्येत.

कॉलेज हे पाहतं की तुमच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातलं किती अवघड मुलाने घेतलं आणि ते किती नीट पेललं. शाळेत आठच एपी असतील तर तिथली चार आणि पंचवीस असलेल्या शाळेतली चार यांचा अर्थ वेगळा. स्कूल प्रोफाइल जाते ती याचसाठी. ती बहुतेक शाळांच्या वेबसाइटवर असते. विषय ठरवण्याआधी ती एकदा उघडा.

इथे आपली खास मराठी चूक म्हणजे इंग्रजी आणि इतिहास ‘सोप्या’ पातळीवर ठेवून गणित-विज्ञानाची चढाओढ लावणं. इंजिनिअरिंगच करायचंय, मग एपी लँग (इंग्रजी भाषेचं एपी) कशाला, असं वाटतं. पण एमआयटीसुद्धा एक शिफारसपत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाकडून मागतं आणि दुसरं भाषा, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयाच्या शिक्षकाकडून. ज्या वर्गात मूल वर्षभर गप्प बसलं, तिथल्या बाई काय लिहिणार?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, ए-जी या सक्तीच्या विषयगटांत एक वर्ष दृश्य किंवा सादरीकरणाच्या कलेचं लागतं. तबला किंवा भरतनाट्यम बाहेरच्या क्लासला कितीही वर्षं शिकलं तरी शाळेतल्या मान्य विषयाची जागा ते आपोआप घेत नाही. हे बारावीत लक्षात आलं की चांगला विषय काढून तिथे आर्ट बसवावं लागतं. शिवाय यूसी स्वतःचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, काढते तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या मार्कांवर. म्हणजे त्यातला जवळजवळ अर्धा भार याच वर्षाचा.

‘एसएटी आता कुठे लागते?’

कोविडच्या काळातली ही माहिती अजून व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते आहे. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकनेही तेच जाहीर केलं. उलट यूसीच्या सगळ्या कॅम्पसमध्ये प्रवेश ठरवताना एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी बघतच नाहीत. मधल्या अनेक कॉलेजांत ती ऐच्छिक आहे आणि धोरणं बदलत राहतात. म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या पानावर त्या वर्षीचा नियम वाचा.

परीक्षा द्यायचीच असेल तर पहिला प्रयत्न डिसेंबर किंवा मार्चमध्ये करावा. मे-जूनवर ढकलला की तो एपीच्या गर्दीत सापडतो. मार्चचा आकडा मनासारखा नसेल तर घाबरून लगेच मेची तारीख घेऊ नका. ऑगस्टमध्येही परीक्षा असते आणि मधला उन्हाळा मोकळा मिळतो. डिजिटल एसएटी २ तास १४ मिनिटांची आहे. एसएटीच्याच ब्लूबुक अॅपमधले पूर्ण सराव पेपर वेळ लावून सोडवणं आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचं कारण लिहून ठेवणं, हे अनेक मुलांना महागड्या क्लासइतकंच उपयोगी पडतं.

ऑक्टोबरच्या पीएसएटीबद्दल, म्हणजे एसएटीच्या आधीच्या सराव परीक्षेबद्दल, दोन गोष्टी. नॅशनल मेरिट या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेसाठी याच परीक्षेचे गुण धरतात, आणि तिच्या सिलेक्शन इंडेक्समध्ये वाचन-लेखनाचा गुण दुप्पट धरतात, त्यामुळे फक्त गणितावर भिस्त ठेवून चालत नाही. आणि त्या स्पर्धेची नागरिकत्वाची अट आता अमेरिकेतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांना लागू नाही, त्यामुळे एच-४ (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वरचं मूलही त्यात बसतं.  

उपक्रमांचा डोंगर, आणि घरचं सोनं विसरणं

कॉमन अॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, त्यात उपक्रमांसाठी १० जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. दहाही भरल्याच पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी ज्युनियर इयरच्या वसंतात अचानक तीन क्लब, एक नवी संस्था आणि एक पैसे भरून छापलेला शोधनिबंध घराघरांत उगवतो. रोज फाइली वाचणाऱ्याला ती घाई दिसते.

आणि जे खरोखर आहे ते आपणच ‘घरचंच तर आहे’ म्हणून वगळतो. मंडळाच्या मराठी शाळेत वर्षानुवर्षं रविवारी लहान मुलांना शिकवणं, गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकाची तालीम घेणं, आजारी आजीला सांभाळणं, धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं. कॉमन अॅपच्या यादीत कौटुंबिक जबाबदाऱ्या आणि पगारी नोकरी हे स्वतंत्र प्रकार आहेत. ते भरा, आणि नेमकं भरा. ‘मराठी शाळेत मदत केली’ यातून काहीच कळत नाही. ‘दर रविवारी सहा-सात वर्षांच्या मुलांना बाराखडी शिकवते, अडखळणाऱ्यांसाठी चित्रांचे तक्ते बनवले’ यातून एक मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते.

उन्हाळ्याचंही तसंच. नामांकित कॉलेजच्या आवारात हजारो डॉलर भरून होणारे बरेचसे कोर्स प्रवेशाच्या दृष्टीने विशेष मोजले जात नाहीत. एमआयटीतलं आरएसआय किंवा न्यू जर्सीतल्या गव्हर्नर्स स्कूलसारखे कार्यक्रम विनाशुल्क आणि चुरशीचे असतात, पण त्यांच्या तारखा हिवाळ्यातच येऊन जातात. एप्रिलमध्ये शोधायला बसलं की बहुतेक पैसे मागणारेच उरतात. तिथे जागा मिळाली नाही तरी गावच्या लायब्ररीतली किंवा दुकानातली उन्हाळी नोकरी मी मनापासून सुचवेन. सोळाव्या वर्षी गिऱ्हाइकाशी बोलायला शिकणं ही मोठी कमाई आहे.

पत्रं मागायला सप्टेंबर उजाडणं

शिक्षकांना मेमध्येच विचारावं. चांगल्या शिक्षकांकडे रांग असते आणि काही जण ठरावीकच पत्रं लिहितात. ज्यांच्या वर्गात ‘ए प्लस’ मिळाला त्यांच्याकडेच जावं असं नाही. ज्यांच्या वर्गात मूल अडलं, तासानंतर थांबलं, प्रश्न विचारत वर आलं, त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असतं. मुलाने स्वतः, समोर जाऊन विचारावं. आईबाबांनी ईमेल करू नये. सोबत पानभर टिपण द्यावं: वर्गातला कोणता प्रकल्प आवडला, कुठे अडलो, पुढे काय शिकायचंय.

काउन्सेलरलाही वर्षातून दोनदा तरी भेटावं. शाळेच्या वतीने पत्र तेच लिहितात. घरात आजारपण आलं, शाळा बदलली, कोणी गेलं, तर ते त्यांना माहीत असायला हवं. आपल्याकडे घरचं बाहेर सांगायची पद्धत नाही, हे खरं. पण ऑक्टोबरमधला ‘सी’ का आला हे फाइलमध्ये कुठेच नसेल तर वाचणारा त्याचा स्वतःच अर्थ लावतो.

पैशांचं बोलणं लांबवणं

एफएएफएसए या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात दोन वर्षांपूर्वीच्या करवर्षाचं उत्पन्न धरतात. म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं. शेअर विकायचे, मोठा बोनस घ्यायचा, असे निर्णय त्याआधी विचारात घ्यायला हवेत. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, आपल्याला प्रत्यक्षात साधारण किती भरावं लागेल ते सांगणारा. हिवाळ्यात एका संध्याकाळी नवरा-बायकोने बसून चार-पाच कॉलेजांचे आकडे काढावेत आणि मुलालाही सांगावेत.

एच-४ वरच्या कुटुंबांनी तर हे टाळूच नये. सरकारी मदत मिळत नाही आणि अनेक कॉलेजं मदतीच्या बाबतीत या मुलांना परदेशी विद्यार्थी धरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकीच कॉलेजं नागरिकत्व न पाहता गरज बघतात आणि तिथे मदत मागितल्याने प्रवेशाला धक्का लागत नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तेव्हा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा कधी करायचा हेही वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतं: प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं. त्यावर विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात. खर्च झेपेल का हे न बघता तिथे सही करू नका.

वर्ष अर्धं गेलं आणि घडी विस्कटली असेल तर

पहिल्या सेमिस्टरला दोन ‘बी’ आले म्हणजे दारं बंद झाली नाहीत. दुसऱ्या सेमिस्टरचा चढ दिसतो. एखादा विषय खरोखर डोईजड झाला असेल तर शिक्षक आणि काउन्सेलरशी बोलून पातळी बदलता येते, फक्त शाळेची मुदत बघा आणि बदलाची नोंद ट्रान्सक्रिप्टवर कशी येते ते विचारा. उपक्रम जास्त झाले असतील तर दोन सोडा. ज्यासाठी मूल न सांगता उठतं, ते ठेवा. मूल बोलेनासं झालं, जेवेना, झोपेना, तर आधी डॉक्टर आणि शाळेचे समुपदेशक, कॉलेज नंतर.

जूनमध्ये शाळा सुटली की कॉमन अॅपचं खातं उघडून नाव-पत्ता आणि उपक्रम भरायला हरकत नाही. १ ऑगस्टला नवीन वर्षाचा अर्ज सुरू होतो तेव्हा ही माहिती पुढे येते. ६५० शब्दांच्या निबंधाचा पहिला खर्डा जुलैत मुलाला एकट्याने लिहू द्या, आणि तो वाचायला मागण्याआधी दोन आठवडे थांबा.