लेव्होडोपाची गोळी, डबा आणि ऑफिसची कामं

पार्किन्सन्स (हालचाली मंदावणारा, अंग जड करणारा मेंदूचा आजार) असताना नोकरी करायची तर गोळीची वेळ घड्याळ लावून पाळा. या आजारावरची लेव्होडोपाची गोळी (सिंडोपा वगैरे) जेवणाआधी साधारण अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तासाभराने घ्यावी. उसळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं आतड्यात शोषली जाताना या औषधाच्या आड येतात. मग गोळी घेऊनही हात जडच. प्रथिनं बंद मात्र करू नका, ताकद उतरते. डब्यात भाकरी-भाजी, आणि उसळ-पनीर रात्री, असा बदल अनेकांना मानवतो, पण आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी मळमळलं तर गोळीबरोबर एक-दोन साधी बिस्किटं खा.

आठवडाभर वहीत टिपून ठेवा: गोळी किती वाजता घेतली, अंग कधी मोकळं झालं, शर्टाचं बटण लावताना बोटं कधी अडली. डॉक्टरांना डोस बसवायला ही वही फार उपयोगी पडते. सह्या, टायपिंग, मीटिंग त्या मोकळ्या तासांत ठेवा आणि साहेबांना तसं स्पष्ट सांगा. संकोच कशाला? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. आणि गोळी स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका, ते धोक्याचं असतं.