थंडीत पिल्ले आणताय? आधी थर्मास शोधा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात कोंबडीच्या पिल्लांची विचारपूस सुरू होते. भात निघालेला असतो, तूस आणि कणी घरचीच असते, हातात चार पैसे असतात. वेळ चांगलीच आहे. आत्ता आणलेले पिल्लू संक्रांतीला दोन महिन्यांचे होते, आणि दोन महिन्यांच्या पिल्लालाच मानमोडीची मोठी लस टोचता येते. एवढे एक गणित जमवा, बाकी चुका निभावून जातात. कारण शिमग्याच्या आगेमागे गावात मर शिरली की लस नसलेले खुराडे आठवड्यात रिकामे होते. दहातली एखादी वाचते, तीही मान वाकडी करून गोल गोल फिरत राहते.

मानमोडी, मर, राणीखेत, सगळे एकच. रोग विषाणूचा, त्याला औषध नाही. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून घेतलेला श्वास, लोंबलेले पंख हे दिसायला लागल्यावर दुकानात पळून उपयोग नसतो. तरी लोक पळतात. दुकानदारही नाही म्हणत नाही. अँटिबायोटिकची पुडी, लिव्हर टॉनिक आणि ‘प्रतिकारशक्ती’ची बाटली असे तिन्ही हातात पडते. तेवढ्या पैशात अख्ख्या आळीच्या कोंबड्यांना लस झाली असती.

गेल्या चैत्रात एका वस्तीवर गेलो होतो. अंगणात डालगे पालथे पडलेले, खाली कोंबडी नाही. मावशी म्हणाल्या, ‘लस टोचली होती हो, तरी बावीसच्या बावीस गेल्या.’ कुपी कुठून आणली विचारले. मुलाने तालुक्याहून आणली, मोटारसायकलवर, सदऱ्याच्या खिशात. वाटेत पाहुण्यांकडे चहा झाला. घरी आल्यावर कुपी देवळीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टोचली. कुपीत राहिले होते ते नुसते पाणी. लस जिवंत असते; ती २ ते ८ अंश थंडाव्यात राहिली तरच कामाची. एप्रिलच्या उन्हात खिशातली लस मेली आणि सुई मात्र बावीस कोंबड्यांना टोचली गेली.

म्हणून पिल्ले आणायच्या आधी घरातला थर्मास शोधा. चहाचा चालेल, फक्त झाकण घट्ट बसले पाहिजे. आत बर्फाचे तुकडे आणि कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली. दुकानातून घेताना कुपी फ्रीजमधूनच निघते का ते डोळ्यांनी पाहा. काउंटरवरच्या खोक्यातून काढून दिली तर घेऊ नका. माझा भरवसा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यावर जास्त. तिथे लस कोणत्या दिवशी येते ते विचारून ठेवायचे आणि त्याच दिवशी जायचे.

लसींचे वेळापत्रक:
– ५ ते ७ वा दिवस: लासोटा (मानमोडीचीच लहान पिल्लांची लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब
– १४ वा दिवस: गंबोरो (पिल्लांच्या दुसऱ्या एका विषाणूरोगाची लस), डोळ्यात एक थेंब
– २८ वा दिवस: लासोटा पुन्हा
– ६ वा आठवडा: देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत
– ७ वा आठवडा: जंताचे औषध
– ८ वा आठवडा: आरटूबी, अर्धा मिली, पंखाजवळ कातडीच्या खाली

आरटूबी म्हणजेच वर म्हटलेली मोठी लस. ती सहा आठवड्यांच्या आत देऊ नका, लहान पिल्लू तिनेच लुळे पडते. आणि आजारी, मान टाकलेल्या कोंबडीला कुठलीच लस नको.

खरी अडचण वेगळीच असते. कुपी शंभर मात्रांची, कधी त्याहून मोठी, आणि घरात कोंबड्या बारा. एकदा द्रावणात कालवली की दोन तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. मग ‘एवढ्याशा कोंबड्यांना कशाला’ म्हणून लस राहते. दर वर्षी इथेच घात होतो. उपाय साधा आहे: आळीतल्या आठ-दहा घरांनी एकच दिवस ठरवायचा. बचत गट असेल तर त्याच बैठकीत वर्गणी काढा. खर्च कोंबडीमागे एका अंड्याइतकाही पडत नाही. आदल्या रात्री कुणीही खुराडे उघडायचे नाही, पहाटे दिवस उगवायच्या आत कामाला लागायचे. कोंबडी एकदा बाहेर पडली की पुढचा तास तिच्यामागे पळण्यात जातो आणि कुपी उन्हात राहते. द्रावणाची बाटली वाटीभर बर्फात ठेवून दारोदार फिरा. घरातल्या जुन्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी टोचून घ्या. त्यांना मागच्या वर्षी झाली होती, हे ऐकून घेऊ नका.

तारीख शक्यतो पौष पौर्णिमेच्या आठ-दहा दिवस आधीची धरा. मांढरदेवीला काळूबाईची यात्रा भरते, नवसाचे कोंबडे या गावचे त्या गावात जातात, चार दिवस कुणाच्या तरी दावणीला बांधलेले असतात. माझी समजूत अशी की आमच्याकडची मर निम्मी या कोंबड्यांच्या पायांनी येते. कागदावर दाखवता येणार नाही, पण यात्रा झाल्यावर दहा-पंधरा दिवसांत कुठल्या वस्तीवर पहिली कोंबडी पडली हे दर वर्षी विचारतो, आणि बहुतेकदा पाहुणा कोंबडा निघतोच. तुमच्या पिल्लांचे आठ आठवडे तोवर भरत नसतील तर पाहुण्या कोंबड्याला अंगणात येऊच देऊ नका. आठवडी बाजारातून आणलेल्या कोंबडीचेही तसेच: दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळे पाणी. मटणाच्या दुकानातून कोंबडी आणली तर तिची पिसे, आतडी आणि धुतलेले पाणी उकिरड्यावर टाकू नका, पुरा. उकिरडा हे तुमच्या कोंबड्यांचे ताट आहे.

आता पिल्ले कुठली घ्यायची. सायकलवर टोपलीत हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्ले येतात, ती पोरांच्या हट्टापायी घेतली जातात. ती बहुतेक अंड्यांच्या हॅचरीतून बाजूला काढलेले नर असतात. ना अंडे, ना धड वजन, आणि लस तर नाहीच. पहिल्यांदाच करणाऱ्याने एक दिवसाचे पिल्लू घेऊ नये असे माझे मत आहे. तीन-चार आठवड्यांची घ्या आणि विकणाऱ्याला लासोटा, गंबोरोची तारीख विचारा. ‘सगळं दिलंय’ हे उत्तर नव्हे. तारीख सांगता आली नाही तर दिलेले नाही असे धरून चला. पुणे भागासाठी खडकीला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहे. तिथे आधी नोंदणी करावी लागते. जातीवरून फार भांडू नका. गिरीराज, वनराज वजनाला बऱ्या, ग्रामप्रिया अंड्याला. गावठी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पण खुडूक बसते, पिल्ले सांभाळते आणि घार दिसली की पंखाखाली घेते. कडकनाथाच्या अंड्याच्या भावाच्या गोष्टी ऐकून पैसे गुंतवू नका. आधी गिऱ्हाईक शोधा, मग कडकनाथ.

एक दिवसाचीच आणली असतील तर थंडीकडे बघा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लामागे दोन वॅट हा हिशोब जुन्या पिवळ्या बल्बचा आहे. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. त्याखाली पिल्ले पहाटे एकमेकांवर चढून गुदमरलेली मी पाहिली आहेत. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, कडेला पळाली तर उकडते, सगळीकडे पांगून निजली तर बरोबर. वीज गेली तर मडक्यात निखारे, वर राख. धूर मात्र कोंडू देऊ नका.

बाकीची रोजची कामे:
– पहिल्या दिवशी आधी गुळाचे पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा
– खाली तुसाचा दोन इंच थर, रोज हलवायचा, ओला झाला की बदलायचा
– पहिले चार आठवडे पिल्लांचे तयार खाद्य. नंतर कणी, भरडा, पेंड, हिरवा पाला
– अंड्यावर आल्यावर शिंपल्यांचा चुरा
– खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, कोंबडीमागे एक चौरस फूट
– मुंगसासाठी जाळी बारीक, कडी लोखंडी
– दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा

पिल्ले रक्ताची हगवण करत असतील तर ती मर नव्हे, तूस ओला राहिला आहे. त्यावर औषध आहे, दवाखान्यात विचारा. पण एकाएकी खूप कोंबड्या मेल्या तर वाट पाहू नका. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. मेलेली ओढ्यात फेकू नका, चुना टाकून खोल पुरा. उरलेल्या घाईघाईने बाजारात नेऊन विकू नका. तुमची मर पुढच्या गावाला जाते ती याच पिशवीतून.

टोचताना हात डोळ्यांना लावू नका, लासोटाच्या थेंबाने माणसाचेही डोळे येतात. काम झाले की रिकाम्या कुप्या उकळत्या पाण्यात टाकून मग पुरा. आरटूबीनंतर दोन दिवस कोंबड्या मलूल दिसतील, दाणे कमी टिपतील, अंडीही घटतील. एवढ्यावरून कुणी टॉनिकची बाटली पुढे केली तर परत ठेवायला सांगा. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा उकिरडा उकरत असतात.